तीन तारांचा भरवसा

सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांत एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. संगणकाच्या मागच्या बाजूचं नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट हेच त्याचा सिस्टिम कन्सोल म्हणून जोडून ठेवावं की नाही, हा तो वाद. जोडून ठेवलं तर यंत्र सुरू होताना, अडकताना आणि कोसळताना जे काही बोलतं ते त्या तारेवरून बाहेर येतं, आणि त्याच तारेवरून त्याला हुकूमही देता येतो. काहींच्या मते हे प्रत्येक यंत्राला हवंच. काहींच्या मते ही गेल्या शतकातली सवय आहे आणि आता सोडलेली बरी.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्या समोरासमोर याव्यात म्हणून इथे त्या एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातल्या आहेत. मावशीने नोकरीची सगळी वर्षं एका संगणक केंद्रात युनिक्सची यंत्रं सांभाळली. तिचा भाचा पुण्यातल्या एका कंपनीत काम करतो. क्लाउडवरची आणि नवी मुंबईत भाड्याने घेतलेल्या रॅकमधली यंत्रं त्याच्याकडे आहेत. माझा कौल शेवटी दिला आहे.

भाचा: मावशी, महापेच्या डेटा सेंटरमध्ये आमचे नवे सर्व्हर लागतायत. कामांच्या यादीत कुणीतरी ‘सिरीयल कन्सोल’ लिहून ठेवलंय. मी ती ओळ काढून टाकणार आहे. ज्या यंत्राचं नेटवर्क कार्ड सेकंदाला २५ गिगाबिट पाठवतं, त्याला सेकंदाला ११५२०० बिटांची तार कशाला?

मावशी: काढ की. फक्त एवढं सांग, त्यातलं एखादं यंत्र रात्री रीबूट केल्यावर परत आलंच नाही, पिंगला उत्तर नाही, एसएसएच लागत नाही, तर काय करशील?

भाचा: त्याचं काम आपोआप दुसऱ्या यंत्राकडे जातं. अडकलेल्यावर आम्ही नव्याने सिस्टिम चढवतो. एकेका यंत्रापाशी रात्र काढायचे दिवस गेले. आम्ही यंत्र दुरुस्त करत नाही, बदलतो.

मावशी: आणि नव्याने चढवलेलंही तसंच अडकलं तर? तुमच्या सगळ्या यंत्रांवर एकच कर्नेल, एकच रॅमडिस्क, एकच एफएसटॅब. नव्या रॅमडिस्कमध्ये तुमच्या रेड कार्डाचा ड्रायव्हर यायचा राहिला, तर पहिलं यंत्र अडकेल तसंच शेवटचंही अडकेल. बदलून काय हाती लागणार? का अडकलं ते आधी कळायला हवं.

भाचा: त्यासाठी लॉग आहेत ना. प्रत्येक यंत्राचा लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर जातो.

मावशी: कधीपासून जातो? नेटवर्क उभं राहिल्यावर आणि लॉग पाठवणारी सेवा सुरू झाल्यावर. बूटच्या सुरुवातीला यातलं काहीच नसतं. मी म्हणते त्या उदाहरणात रूट डिस्क सापडलेलीच नाही. डेबियन अशा वेळी ‘हा यूयूआयडी अस्तित्वात नाही’ असं सांगतो, रॅमडिस्कमधला एक छोटा शेल उघडतो आणि कुणीतरी काहीतरी टाइप करील म्हणून थांबून राहतो. तुझ्या मध्यवर्ती सर्व्हरवर यातलं एक अक्षर पोचत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

भाचा: ते मी स्क्रीनवर पाहीन. प्रत्येक सर्व्हरमध्ये बीएमसी आहे. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो छोटा संगणक चालू असतो, आणि ब्राउझरमध्ये स्क्रीन जशीच्या तशी दाखवतो. कीबोर्डही देतो. मग तार कशाला?

मावशी: सोय चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण स्क्रीनवर दिसतात शेवटच्या पंचवीस-पन्नास ओळी. कर्नेल पॅनिक झाला की आधी कारण छापलं जातं, मग रजिस्टरांचे आकडे, मग कुठल्या फंक्शनमधून कुठे गेला त्याची उतरंड. खाली उरते ती उतरंड, आणि कारण वर सरकून गेलेलं असतं. कर्नेल मेल्यावर स्क्रीन मागे सरकवून पाहता येत नाही. जे दिसतं तेही चित्र असतं. त्याचा फोटो काढशील, पण त्यात शोध घेता येत नाही, दोन यंत्रांचे शेवटचे शब्द शेजारी ठेवून ताडता येत नाहीत. सिरीयल तारेवरून येतो तो साधा मजकूर. दुसऱ्या टोकाला एक छोटं यंत्र तो दिवसरात्र फायलीत लिहीत राहतं, वेळेच्या नोंदीसकट. मध्यरात्री यंत्र कोसळलं तर सकाळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचायला मिळतं.

भाचा: पॅनिकचाच प्रश्न असेल तर केडंप आहे. कर्नेल कोसळला की राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा कर्नेल उठतो आणि पहिल्याची सगळी मेमरी डिस्कवर उतरवतो. नेटकन्सोल आहे, तो कर्नेलचे संदेश सरळ यूडीपीने बाहेर पाठवतो.

मावशी: दोन्ही वापर, दोन्ही कामाचे आहेत. पण प्रत्येकाला काय काय शाबूत लागतं ते मोज. केडंपला दुसरा कर्नेल नीट उठायला हवा आणि लिहायला डिस्क नाहीतर नेटवर्क हवं. नेटकन्सोलला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चढलेला हवा, स्विच चालू हवा, पलीकडचा पत्ता बरोबर हवा. पाकीट हरवलं तर कुणाला कळतही नाही. आणि त्यावरून तू काही टाइप करू शकत नाहीस. सिरीयलला काय लागतं? पीसीवर पहिल्या सिरीयल पोर्टचा पत्ता ३एफ८. त्या पत्त्यावर प्रोसेसरने एक बाइट ठेवला की तो चिपमधून बिटाबिटाने बाहेर पडतो. मेमरी मागायची नाही, इंटरप्टची वाट पाहायची नाही, आयपीचा पत्ता नाही, कुणाशी हातमिळवणी नाही. अर्धमेल्या कर्नेललाही एवढं जमतं.

भाचा: म्हणजे जुनं म्हणून चांगलं, असं?

मावशी: जुनं म्हणून नाही, कमी गोष्टींवर टेकलेलं म्हणून. आरएस-२३२ हे मानक १९६० चं. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, तेव्हा समोर टेलिटाइप होते, मॉडेल ३३ सारखे, सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकणारे. यंत्र जे बोलेल ते कागदावर राहायचं. नंतर १९७८ मध्ये डेकचं व्हीटी१०० टर्मिनल आलं, कागद गेला, पडदा आला, तार तीच राहिली. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरीयल कार्डावर ८२५० चिप होती. पुढे १६५५०ए आली, तिच्यात सोळा बाइटांची रांग होती म्हणून अक्षरं गळेनाशी झाली. आजच्या सर्व्हरमध्ये त्या चिपचं वागणं तसंच्या तसं ठेवलेलं असतं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ती घासून घेतली आहे की तिच्यात आता नवं काही बिघडायला शिल्लक नाही.

भाचा: बिघडत नसेल, पण बिघडवते. माझा खरा आक्षेप इथे आहे. ११५२०० च्या वेगाला एक अक्षर म्हणजे दहा बिट, सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ, शेवटचा एक. म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर काढायला जवळपास सात मिलिसेकंद. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्या वेळात दोन कोटींवर ठोके मारतो, आणि ते सगळे ठोके तो एका संथ चिपसमोर थांबून घालवतो. एखादी डिस्क कुरकुरायला लागली, कर्नेलने सेकंदाला शेकडो ओळी छापल्या, की एक प्रोसेसर त्यातच अडकतो. दुसऱ्या प्रोसेसरांचे संदेशही त्यालाच छापावे लागतात. मग ‘प्रोसेसर अडकलाय’ असा इशारा येतो आणि तोही त्याच तारेवर छापला जातो. निरोगी यंत्र तुझ्या कन्सोलपायी लोळलेलं लोकांनी पाहिलंय.

मावशी: हा आक्षेप खरा आहे, आणि कर्नेल लिहिणाऱ्यांनाही तो मान्य आहे. लिनक्सची रिअल-टाइम शाखा मुख्य कर्नेलमध्ये यायला इतकी वर्षं लागली त्याचं शेवटचं मोठं कारण हेच छापणं होतं. संदेश छापण्याची नवी बांधणी झाली तेव्हा २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत ती शाखा आत आली. आता कन्सोलला स्वतःचा वेगळा थ्रेड देता येतो, आणि एकेक ड्रायव्हर तिकडे वळतो आहे. पण तोपर्यंत काय करायचं तेही आपल्या हातात आहे. वेग ९६०० ठेवायचा नाही. त्या वेगाला पॅनिकच्या चार हजार अक्षरांना चार सेकंदांहून जास्त लागतात, ११५२०० ला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणि लॉगलेव्हल नीट ठेवायची. फायरवॉलने अडवलेल्या प्रत्येक पाकिटाची नोंद कन्सोलवर कशाला? ती फायलीत जाऊ दे. कन्सोलवर इशारे आणि चुका पुरेत.

भाचा: बरं, लावायचं ठरवलं तर किती ठिकाणी हात घालावा लागतो? मला आठवतं त्याप्रमाणे हे प्रकरण एका ओळीत संपत नाही.

मावशी: चार ठिकाणी. यंत्र उठताना चार जण एकामागून एक बोलतात, फर्मवेअर, बूटलोडर, कर्नेल आणि लॉगिन. चौघांनाही तीच तार आणि तोच वेग सांगावा लागतो. एकाचा वेग चुकला की त्याच्या पाळीला तारेवर कचरा येतो, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

भाचा: एकेक सांग.

मावशी: फर्मवेअरच्या सेटअपमध्ये ‘कन्सोल रिडायरेक्शन’ असतं, ते चालू करायचं. तिथे आणखी एक पर्याय असतो, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावरही रिडायरेक्शन चालू ठेवायचं का. तुमचा बूटलोडर ग्रब स्वतः सिरीयलवर बोलणार असेल तर हा बंद ठेव. नाहीतर एकच मजकूर दोघेही पाठवतात आणि प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं.

दुसरा ग्रब. त्याच्या डिफॉल्ट फायलीत टर्मिनलच्या ओळीत ‘सिरीयल’ आणि ‘कन्सोल’ दोन्ही लिहायचं आणि सिरीयल कमांडच्या ओळीत युनिट ०, वेग ११५२००, शब्द आठ बिटांचा, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक. मग डेबियनवर ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. हे केलं की जुना कर्नेल निवडायचा मेनू तारेवर येतो. नव्या कर्नेलने दगा दिला तर घरबसल्या जुना उठवता येतो. माझ्या मते अर्धी किंमत इथेच वसूल होते.

भाचा: आणि कर्नेलच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’.

मावशी: इथेच लोक फसतात. कर्नेलला कन्सोल एकाहून जास्त देता येतात. ‘कन्सोल=टीटीवाय०’ म्हणजे स्क्रीन, आणि ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८’ म्हणजे तार. कर्नेलचे स्वतःचे संदेश दोन्हीकडे जातात, त्यामुळे सगळं जमलं असं वाटतं. पण ओळीत जो शेवटी लिहिलेला असतो तोच खरा सिस्टिम कन्सोल ठरतो. सिस्टिमडीच्या ‘ही सेवा सुरू झाली, ती पडली’ या ओळी फक्त त्याच्याकडे जातात. मघाशी सांगितला तो रॅमडिस्कमधला शेलही फक्त त्याच्यावरच उघडतो. कुणी स्क्रीन शेवटी लिहिली तर तारेवर कर्नेलचे संदेश धडाधड येतात आणि मग एकदम शांत. माणूस समजतो यंत्र गोठलं. यंत्र मात्र तिकडे स्क्रीनवर प्रश्न विचारून वाट पाहत असतं, आणि त्या स्क्रीनसमोर कुणीच नसतं.

भाचा: म्हणजे तार शेवटी. आणि ‘क्वाएट’ काढायचं.

मावशी: हो, ‘क्वाएट’ असेपर्यंत चुकांहून सौम्य असं काहीच कन्सोलवर येत नाही. चौथं लॉगिन. पूर्वी इनिटटॅबमध्ये गेटीची ओळ लिहावी लागायची. आता सिस्टिमडी कर्नेलचे कन्सोल कोणते ते पाहून सिरीयलवरचं लॉगिन स्वतःच उघडतं. पण थांब, तुझ्या यंत्रांवर कुणाला पासवर्ड आहे का?

भाचा: कुणालाच नाही. सगळे एसएसएचच्या किल्लीने येतात. ते जास्त सुरक्षित आहे.

मावशी: नेटवर्कसाठी सुरक्षितच. पण तारेवर ‘लॉगिन’ असं दिसेल, आणि पुढे जायला कुणाकडेच काही नसेल. निदान एका खात्याला लांबलचक पासवर्ड ठेव, तो एसएसएचवर चालणार नाही असा बंदोबस्त कर आणि पासवर्ड तिजोरीत ठेव. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलेले बरेच जण इथेच अडकतात.

भाचा: आता केबल. मी घरी रास्पबेरी पायवर हे केलंय. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून यूएसबी केबल आणली होती. यंत्राच्या सहा नंबरच्या पिनेला ग्राउंड, आठवर पायचं बोलणं, दहावर ऐकणं.

मावशी: आणि ती केबल ३.३ व्होल्टची होती, म्हणून पाय जिवंत राहिला. खऱ्या आरएस-२३२ मध्ये एक आणि शून्य असे असतात, उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. सर्व्हरच्या नऊ पिनांच्या पोर्टाची तार सरळ पायला लावलीस तर चिप जळते. उलट, पायची केबल सर्व्हरला लावलीस तर बिट उलटे वाचले जातात आणि हाती कचरा येतो. सर्व्हरच्या पोर्टात दोन नंबरवर ऐकणं, तीनवर बोलणं, पाचवर ग्राउंड. दोन संगणक जोडताना दोन आणि तीन एकमेकांत ओलांडायचे, पाचला पाच. त्या केबलला नल मोडेम म्हणतात. तीन तारा पुरतात.

भाचा: या तीन तारांवरच माझा दुसरा मोठा आक्षेप आहे. समज, कुणी कन्सोलवर रूट म्हणून आत गेला आणि केबल तशीच उपसून निघून गेला. तीन तारांत ‘पलीकडचा गेला’ हे सांगणारी तार नाही. शेल उघडाच राहतो. पुढचा माणूस केबल लावतो आणि थेट रूट होतो. पासवर्ड नाही, किल्ली नाही, नोंद नाही.

मावशी: खरं आहे. त्यावर इलाज आहेत. रिकामं बसलेलं शेल काही मिनिटांनी बंद होईल असं टीएमआउट लाव. ग्रबला पासवर्ड घाल, नाहीतर तारेवरून कर्नेलची ओळ बदलून कुणीही लॉगिन टाळून आत येईल. डिस्क एन्क्रिप्ट कर.

भाचा: पण हे सगळं करावं लागतं, आणि लोक करत नाहीत. स्वस्त राउटर उघडून पाहा, बोर्डावर सिरीयलच्या पिना तशाच असतात आणि कितीतरी राउटरांत त्यावर सरळ रूट मिळतो. सनच्या जुन्या स्पार्क यंत्रांचं तूच सांगितलं होतंस.

मावशी: हो, त्यांना कीबोर्ड लावला नसेल तर ती आपणहून पहिल्या सिरीयल पोर्टला कन्सोल मानायची, ९६०० च्या वेगाने. फार शहाणी रचना होती. पण तारेवर ‘ब्रेक’ गेला की चालतं यंत्र थांबून ‘ओके’ असं लिहून बसायचं, आणि टर्मिनलची वीज बंद-चालू केली तरी ब्रेक जायचा. पुढे सनच्याच सोलॅरिसमध्ये ब्रेकऐवजी ठरावीक कळांचा क्रम ठेवायची सोय आली. लिनक्समध्ये ब्रेक आणि पाच सेकंदांत एक अक्षर, असा मार्ग आहे. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाक, सगळं फक्त वाचण्यापुरतं कर, रीबूट कर, हे तीन हुकूम शेल मेलेलं असतानाही देता येतात. हत्यार धारदार आहे. कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवायलाच हवं.

भाचा: मग तार डेटा सेंटरमध्ये आणि मी पुण्यात. शेवटी ती कशावर तरी जोडणार, म्हणजे नेटवर्कवरच ना? आणि आमच्या सर्व्हरात सिरीयल ओव्हर लॅन आहेच. आयपीएमआय २.० पासून बीएमसीच सिरीयलचा मजकूर नेटवर्कवर पाठवतो.

मावशी: वापर, पण डोळे उघडे ठेवून. २०१३ मध्ये सुरक्षातज्ज्ञ डॅन फार्मर यांनी दाखवून दिलं की आयपीएमआय २.० च्या मानकातच खोट आहे. आत येऊ पाहणाऱ्याने नुसतं खात्याचं नाव सांगितलं तरी बीएमसी त्या खात्याच्या पासवर्डचा हॅश हातात ठेवतो. मग तो घरी बसून फोडायचा. राखणदारच असा असला तर कुंपणाने शेत खाल्ल्यासारखं होतं. म्हणून बीएमसीचं नेटवर्क पूर्ण वेगळं हवं, इंटरनेटवरून दिसायलाही नको. आणि वेगळं म्हणजे खरोखर वेगळं.

भाचा: ‘खरोखर’ म्हणजे?

मावशी: कॅनडातली रॉजर्स ही दूरसंचार कंपनी आठव. ८ जुलै २०२२ ला त्यांच्या नेटवर्कचा गाभा कोसळला. मोबाइल, इंटरनेट, दुकानांतले कार्डाचे व्यवहार, सगळं दिवसभर बंद. एक कोटीवर ग्राहक अडकले. आणि दुरुस्ती करायला ज्या मार्गाने आत जायचं ते व्यवस्थापनाचं नेटवर्क त्याच कोसळलेल्या गाभ्यावर टेकलेलं होतं. बिघाड झाला त्याच क्षणी दुरुस्तीचा रस्ताही गेला.

भाचा: हे मला मान्य आहे, पण यातून उलटंही निघतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकमाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणा तुटला. त्यांनीच नंतर सांगितलं की मुख्य रस्ता आणि पर्यायी रस्ता दोन्ही बंद झाले, आणि इंजिनिअरांना जागेवर पाठवावं लागलं. जगातली एवढी मोठी कंपनी, तिच्याही पर्यायी रस्त्याचा उपयोग झाला नाही. मग आपण तारा ओढून काय साधणार?

मावशी: जागेवर पोचल्यावर त्यांनी काय केलं असेल याचा विचार कर. यंत्रासमोर उभं राहून त्याच्याशी थेट बोलण्याला शेवटी पर्याय राहिला नाही. तार तेव्हाही लागते. तू म्हणतोस ते मी असं घेते: पर्यायी रस्ता कागदावर असून चालत नाही. या तारा जिथे येऊन मिळतात तो कन्सोल सर्व्हर वेगळ्या इंटरनेट जोडणीवर, शक्य तर वेगळ्या कंपनीच्या मोबाइल मोडेमवर ठेवायचा. त्यात शिरताना तुमच्याच डीएनएसची, तुमच्याच लॉगिन सर्व्हरची गरज पडायला नको. आणि ठरवून मुख्य रस्ता बंद करून त्या रस्त्याने आत जाऊन पाहायचं. जे करून पाहिलं नाही ते आहे असं धरायचं नाही.

भाचा: रॅकमधल्या यंत्रांचं पटलं. पण माझी बहुतेक यंत्रं क्लाउडवर आहेत. तिथे ना पोर्ट, ना पिना, ना तार.

मावशी: मग त्या यंत्रांत टीटीवायएस० दिसतं ते कुठून येतं? आभासी यंत्रं चालवणारा क्यूइमू पीसीच्या धाटणीच्या यंत्राला १६५५०ए चिपची नक्कल देतो. अस्तित्वात नसलेल्या यंत्राला अस्तित्वात नसलेलं सिरीयल पोर्ट, तेही इतक्या वर्षांपूर्वीच्या चिपचं. ॲमेझॉनने २०२१ मध्ये ईसी२ साठी सिरीयल कन्सोल सुरू केला. गूगलच्या क्लाउडमध्येही आहे. जगातली सगळ्यात मोठी संगणक केंद्रं चालवणाऱ्यांनाही अडकलेल्या यंत्राशी बोलायला याहून साधं काही सापडलं नाही. आणि ॲमेझॉनने तो आपणहून चालू ठेवलेला नाही. खातेदाराने आधी परवानगी द्यायची, आणि लिनक्समध्ये पासवर्ड असलेलं खातं लागतं. तुझी शंका आणि माझा आग्रह दोन्ही त्यांनी मानले.

भाचा: मग असं करतो. रॅकमधले सर्व्हर, स्विच आणि फायरवॉल या सगळ्यांना सिरीयल कन्सोल, वेगळ्या नेटवर्कवर, मोबाइल मोडेमसकट. आभासी यंत्रांचा मजकूर फक्त नोंदवून ठेवायचा. त्यावर लॉगिन द्यायचं नाही. शेकडो यंत्रांवर पासवर्ड ठेवणं हा मला आजही जास्त मोठा धोका वाटतो, आणि तिथे मी यंत्र बदलणारच.

मावशी: मला सगळीकडे लॉगिन हवं होतं. बदलायला सोपं म्हणून ठेवलेलं यंत्रही कधीतरी एकमेव होऊन बसतं, त्याच्यावर कुणीतरी बदलता न येण्यासारखं काहीतरी ठेवतं. पण नोंद तरी प्रत्येकाची ठेवतोयस, हे मोठं काम आहे.

इथे दोघं थांबले, आणि मतभेद उरला तो खरा आहे. तो तसाच राहू दिला तरी चालेल, कारण लॉगिन कुठे द्यायचं हे ज्याच्या त्याच्या यंत्रांवर आणि धोक्यांवर ठरतं.

माझा कौल मावशीच्या बाजूने आहे, आणि भाच्याच्या आक्षेपांसकट आहे. सिरीयल कन्सोल संथ आहे, त्याला कुलूप लावावं लागतं, आणि तो नीट जोडायला चार ठिकाणी लक्ष घालावं लागतं. यातलं काहीच नाकारण्यासारखं नाही. पण बिघाडाच्या वेळी जो रस्ता लागतो तो बिघडलेल्या गोष्टीवर टेकलेला नसावा, ही अट तो इतर कुठल्याही सोयीपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतो. स्क्रीन, लॉग, नेटकन्सोल, केडंप यांतल्या प्रत्येकाला यंत्राचा किंवा नेटवर्कचा बराचसा भाग शाबूत लागतो. तीन तारांना जवळजवळ काहीच लागत नाही.

आपले पगार, रेल्वेची तिकिटं, इस्पितळांतली कागदपत्रं आता अशा यंत्रांवर आहेत, ज्यांच्यासमोर कुणीही बसलेलं नाही. ती यंत्रं सांभाळणाऱ्यांचं पहिलं कर्तव्य, ती अडकली तर का अडकली ते कळेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवणं हे आहे. तेव्हा नवा सर्व्हर रॅकमध्ये चढवाल त्याच दिवशी नेटवर्कची केबल काढून ठेवा, फक्त सिरीयलवरून तो रीबूट करा, ग्रबचा मेनू येतो का पाहा, जुना कर्नेल उठवा, लॉगिन करा, बाहेर पडा. पाचही गोष्टी जमल्या की मगच नेटवर्कची केबल लावा आणि तो सर्व्हर कामाला द्या.